जुलैत फोन कोण उचलणार?

"आधी उलटं कर, गेर्द. पुढून सगळंच छान दिसतं. स्क्रू कुठं आहेत ते बघ, आपल्या घरातल्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरतात का ते बघ. मग दुकानदाराशी बोलायचं."

माझे वडील सायकलवरून गावोगाव फिरून दुधातली साय काढायची यंत्रं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. घरात काही नवीन घ्यायचं झालं की दुकानात ते मला, त्यांच्या धाकट्या लेकीला, पुढे करायचे आणि असं म्हणायचे. दुकानदारांना ते मुळीच आवडायचं नाही. वडील जाऊन बराच काळ लोटला, पण साधा टोस्टर घ्यायचा असला तरी माझे हात अजूनही तो आधी पालथा करतात.

अठ्ठ्याण्णव सालच्या वसंतात आमच्या लॉन्ड्रीत तोच आवाज मला पुन्हा ऐकू आला.

लॉन्ड्री जिल्हा रुग्णालयाची. सगळ्या वॉर्डांच्या चादरी, डॉक्टरांचे झगे, बाळांची दुपटी, सगळं आमच्या हाताखालून जायचं. त्या वर्षी सरकारनं नवीन सोय काढली होती. कामाच्या ठिकाणामार्फत घरी कॉम्प्युटर घ्यायचा, दर महिन्याला पगारातून थोडं थोडं कापलं जाणार, तीन वर्षांनी यंत्र आपलं. आमच्याकडे मात्र सगळ्यांनी एकाच कंपनीचं यंत्र घ्यायचं असं ठरलं, आणि ती कंपनी निवडायची युनियननं. होल्गेर आमचा अध्यक्ष. त्यानं कमिटीत स्वतःला घेतलं, इलेक्ट्रिशियन सिवर्तला घेतलं आणि मग माझ्याकडे वळला.

"गेर्द, तू ये. तू भांडत नाहीस, आणि तुझे दालचिनीचे बन चांगले होतात."

"बनसाठी बोलावतोयस की मतासाठी?" मी विचारलं.

"आधी बन," होल्गेर म्हणाला. "मत आलं तर चालेल."

माझ्याबरोबर चादरींना इस्त्री करायच्या वाफेच्या रोलरवर मायवोर होती. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, अशी आमची वर्षं गेली. तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. रोलरवर आणखी एक हिवाळा तो काढणार नाही, हे डॉक्टरांच्याही आधी मला कळलं होतं, कारण चादर तिच्या बाजूनं खाली झुकायला लागली होती. मायवोर शाळा सोडून लहान वयातच कामाला लागलेली. आता ती पत्राद्वारे शिकत होती. उन्हाळ्यात सगळे निबंध कॉम्प्युटरवर लिहून पाठवायचे, ऑगस्टमध्ये परीक्षा, पास झाली तर शरदात नर्सिंगच्या वर्गात जागा. नाही झाली तर पुन्हा रोलर.

"तू रोज देवाशी बोलतेस ना," ती चादरीच्या पलीकडून म्हणाली, "मग विचार की त्याला, कोणता घेऊ म्हणून."

"तो कंपनीचं नाव सांगत नाही गं."

"मग काय सांगतो?"

"बघ म्हणतो. नीट बघ."

माझा नेम सगळ्यांना माहीत होता. सकाळी उठल्यावर खिडकीपाशी उभं राहून एक स्तोत्र वाचायचं, आणि संध्याकाळी सहाला आमचं लाकडी प्रार्थनाघर उघडून तिथं दुसरं मोठ्यानं वाचायचं, कुणी येवो न येवो. बहुतेक वेळा कुणी येत नाही. पण दार उघडं असतं.

विक्रीच्या दिवशी जेवणाच्या खोलीत टेबलावर दोन यंत्रं मांडली होती. हेल्मबर्ग कंपनीचं यंत्र देखणं, निमुळतं, कडेनं निळी रेघ. टेसारोचं करडं, चौकोनी, थेट पावाच्या भट्टीसारखं. हेल्मबर्गचा माणूस, पोन्तुस, स्टॉकहोमहून रात्रीच्या गाडीनं आला होता. बूट इतके चकचकीत की आमच्या बर्फवितळीच्या चिखलात त्यांची मला कीव आली.

"सगळ्या मासिकांनी आम्हालाच पहिला नंबर दिलाय," पोन्तुस म्हणाला. "बिघडण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी."

हे खरं होतं. मासिकं मी वाचनालयात बसून वाचली होती. टेसारो त्याच्यापेक्षा जास्त बिघडतं, हेही त्यात लिहिलं होतं.

"ऐकलंत ना?" होल्गेर खूष झाला. "जे बिघडतच नाही ते दुरुस्त कशाला करायचं?"

मी उठले आणि हेल्मबर्ग हळूच उलटं केलं. पाठ गुळगुळीत. एकही स्क्रू नाही. कडेला चंदेरी कागदाचा शिक्का, त्यावर बारीक अक्षरं.

"हे उघडायचं कुठून?" मी विचारलं.

पोन्तुस हसला. "तू कशाला उघडशील? उघडलंस तर गॅरंटी गेली. फोन करायचा, आम्ही नेतो, कारखान्यात दुरुस्त करतो, परत पाठवतो."

"किती दिवसांत?"

"लवकर."

सिवर्तनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं टेसारो उलटं केलं. चार साधे स्क्रू, आमच्या कुणाच्याही स्वयंपाकघरातल्या खणातल्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरतील असे. दोन मिनिटांत झाकण बाजूला आलं, आणि आतलं सगळं उघड्या कपाटासारखं दिसायला लागलं.

"कुरूप आहे," सिवर्त म्हणाला, "पण लपवाछपवी नाही."

"माझ्या सासूसारखं," मागून कुणीतरी बोललं, आणि सगळी खोली हसली.

तरी मला घाई नव्हती. क्वचित बिघडणारं आणि आपल्याला उघडता न येणारं, की जरा जास्त बिघडणारं आणि घरच्या घरी सुधारणारं? प्रश्न खरा होता, आणि नुसती पाठ बघून तो सुटणारा नव्हता. म्हणून मी एक केलं. रोज सकाळचं स्तोत्र झालं की कामावर निघण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या दुरुस्तीच्या नंबरावर फोन करायचा. काही विचारायचं, कधी खरं, कधी मनानं रचलेलं. कोण उचलतं, किती वेळात, कसं बोलतं, ते ऐकायचं.

टेसारोवाले रटाळ संगीत ऐकवत बसायचे. मी त्या सुरावर कॉफी गाळायची, कप विसळायची, केस विंचरायची, तरी कुणी येत नसे. हेल्मबर्गची मुलगी मात्र पहिल्या घंटीला फोन उचलायची. दक्षिणेकडची होती, बोलणं गोड, आणि उत्तरं अचूक. मला ती आवडायला लागली. खरं सांगायचं तर माझं मन तिच्याकडे झुकलं होतं.

एका सकाळी ती म्हणाली, "आज तुझ्याकडेही ऊन पडलंय का गं?" आणि माझ्या तोंडून सहज प्रश्न गेला, "जुलैत पण तूच असतेस का फोनवर?"

ती खळखळून हसली. "जुलैत? जुलैत कोण असतं? आम्ही महिनाभर बंद. कारखानाही बंद. मी समुद्रावर असणार. तू नाहीस का कुठं जात?"

फोन ठेवल्यावर मी टेसारोला लावला, संगीत संपेपर्यंत थांबले, आणि तोच प्रश्न विचारला. तेही बंद.

मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की इतक्या आठवड्यांत आमच्यातल्या कुणालाही हा प्रश्न सुचला नाही. सुचणार कसा? आमच्याकडे जुलै म्हणजे सगळ्यांनीच कुलूप लावून पाण्याकाठी जायचं. जुलैत दुसऱ्या कुणाकडून कामाची अपेक्षा करणं आम्हाला असभ्य वाटतं. पण वॉर्डातल्या चादरी जुलैतही मळतात. आणि मायवोरचे निबंध जुलैतच पाठवायचे होते.

पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. होल्गेरचा कप तोंडाशी थांबला.

"गेर्द, आपण युनियन आहोत," तो म्हणाला. "दुसऱ्या कामगारांची जुलैची सुट्टी मागायची? उद्या पेपरात येईल!"

"कुणाचीच मागत नाहीये. त्या मुलीनं समुद्रावर जावं, तिचा हक्कच आहे," मी म्हणाले. "पण दोघंही बंद असतील, तर फोन कोण पटकन उचलतं याला अर्थच उरत नाही. मग जे आपल्याला उघडता येतं तेच घ्यायचं. आणि नेहमी खराब होणारे भाग आधीच मागून इथं कपाटात ठेवायचे. आपण उघडलं म्हणून गॅरंटी जाणार नाही, असं टेसारोकडून लिहून घ्यायचं."

"मान्य करतील ते?"

"विचारून बघते. संगीत मला पाठ झालंय."

सिवर्त गालात हसला. "पॉवर सप्लाय, मेमरीची पट्टी, हार्ड डिस्क. एवढं हाताशी असलं तर बहुतेक सगळं मीच बदलेन."

"जुलैत?" मी विचारलं.

सिवर्तनं दाढी खाजवली. जुलैत तो तळ्याकाठच्या त्याच्या झोपडीत असतो, तिथं फोन नाही, आणि फोन नसावा म्हणूनच तर ती झोपडी आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. होल्गेर बोटीवर असतो. ताटात एकच बन उरला होता, आणि तो घ्यायलाही कुणाचा हात पुढे येईना.

"मी असते," मी म्हणाले. "मी जुलैत कुठं जात नाही. सहाला दार उघडायचं असतं."

"तू कॉम्प्युटर उघडशील?" होल्गेर म्हणाला.

"साय काढायच्या यंत्रात याच्यापेक्षा जास्त तुकडे असतात, होल्गेर. आणि ते परत जोडताना गायीही धारेसाठी खोळंबलेल्या असायच्या."

सिवर्तनं शेवटचा बन उचलला, अर्धा तोडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मी शिकवतो हिला. माझं मत टेसारोला." होल्गेरनं एक लांब श्वास घेतला. आमच्याकडे मतमोजणी फारशी होत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत कॉफी ओतत राहायची, एवढंच. त्या दिवशी किटली दोनदा भरावी लागली.

टेसारोच्या माणसानं आधी नाही म्हटलं, मग साहेबाला विचारतो म्हणाला, आणि शेवटी हो म्हणाला. भागांचा खोका आला. वसंतभर जेवणाच्या सुट्टीत सिवर्त मला शिकवत राहिला. "आधी वायर काढ. मग हीटरच्या लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरते. मग आत." पहिल्या वेळी माझ्या हातून स्क्रू सांडला. नंतर नाही. बोटांना काम ओळखीचं होतं, फक्त तुपकट वास तेवढा नव्हता.

मायवोरनं एकदा रोलर थांबवून मला विचारलं, "खरंच येशील? ऐन जुलैत?"

"येईन."

"मी परीक्षेला बसणार ती तुझ्या भरवशावर, हे लक्षात ठेव. खांदा माझा, पण जबाबदारी तुझी."

"ठेव भरवसा," मी म्हणाले.

यंत्रं मे महिन्यात घरोघर गेली. लोकांनी यथेच्छ नावं ठेवली. मायवोरच्या नवऱ्यानं तर त्यावर पावाचं फडकं टाकलं. मासिकांत होतं तसंच झालं. जूनमध्ये दोन बिघडली. सिवर्तनं दोन्ही एका दुपारी नीट केली, आणि नावं ठेवणं जरा कमी झालं. हेल्मबर्ग घेतलं असतं तर कदाचित एकही बिघडलं नसतं. मला ते कबूल आहे. पण कुणाचं बिघडलं असतं आणि कधी, हे कुणीच सांगू शकलं नसतं.

मग जुलै आला. गावातले पडदे ओढले गेले, बेकरीच्या दाराला पाटी लागली, आणि रस्त्यावर फक्त चिमण्या आणि रुग्णालयाची गाडी. मंगळवारी सकाळी मी खिडकीपाशी उभी होते, स्तोत्राच्या मध्यावर, तेव्हा फोन वाजला.

"गेर्द? काही होत नाहीये गं." मायवोरचा आवाज चिरकला होता. "बटण दाबलं तरी पडदा काळाच. अख्खा निबंध आत आहे, उद्या पाठवायचाय, आणि मी कुणाला..."

"मागे पंखा फिरतोय का?"

"नाही. काहीच आवाज नाही. मेलंय ते."

"मेलेलं नाही. त्याला वीज मिळत नाहीये. निबंध वेगळ्या जागी असतो, तो आहे तिथंच आहे. भिंतीतली वायर नीट बसलीय ना? आता परत परत बटण दाबू नकोस. फडकं काढ, टेबल रिकामं कर, आणि कॉफी ठेव."

"तू येतेयस?"

"येते म्हटलं होतं ना."

फोन ठेवून मी खिडकीपाशी परत गेले. राहिलेल्या ओळी घाई न करता वाचल्या आणि पुस्तक मिटलं. जुलैपुरता लॉन्ड्रीतून घरी आणून ठेवलेल्या खोक्यातून पॉवर सप्लाय काढून स्वच्छ पंच्यात गुंडाळला. वडिलांचा लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. संध्याकाळी सहाला दार उघडायचं, म्हणून प्रार्थनाघराची किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. मग अंगणातून सायकल बाहेर काढली, पुडकं पुढच्या टोपलीत ठेवलं, आणि झोपलेल्या गावाची झोप मोडू नये म्हणून घंटी न वाजवता मायवोरच्या घराकडे निघाले.