झुंबरतात्यांचे वाटे

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, महामार्गाला खेटून आमचं गाव आहे. गावाची सरपंच मी, तेजस्विनी. आणि सरपंचाचा रुबाब मिरवतो माझा नवरा, महेश.

सरकारनं कॅसिनोचा नवा कायदा केला. ग्रामसभेनं ठराव दिला तरच महामार्गालगत कॅसिनो उघडायला मोकळीक, अशी त्यात अट. लगोलग कंपनीचे धनराजसाहेब मोठ्या गाडीतून उतरले आणि त्यांना नेमकी आम्हा बायकांच्या बेदाणा शेडचीच जागा आवडली! त्या शेडसाठी आम्ही तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ठराव झाला असता तर शेड जमीनदोस्त आणि आम्ही परत लोकांच्या बागेत मजुरीला.

पण पुरुषांच्या डोक्यात वारं शिरलं होतं. महेशला तर पार्किंगचा ठेका दिसायला लागला होता. त्यात माझे चुलत सासरे झुंबरतात्याही कॅसिनोच्या बाजूनं. तात्या म्हणतील ती पूर्व दिशा, असं आमचं गाव. जत्रेतल्या मटणाचे वाटे तेच घालतात आणि त्यांच्या वाट्याबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही.

ग्रामसभेत धनराजसाहेबांनी आकड्यांचं चाक मांडलं, त्यात एक पांढरी गोळी. चाकावर जितके आकडे, तितक्या घरांना एकेक प्लास्टिकचं टोकन फुकट दिलं.

"आवडीच्या आकड्यावर लावा," ते म्हणाले. "गोळी तुमच्या आकड्यावर थांबली की छत्तीस टोकनं तुमची!"

माझ्या सासूबाई, कुसाबाई, तिथंच उसळल्या. "आसं कसं? एकाला मिळनार न् बाकीच्यांनी काय तोंड बघायचं? येईल ते समद्यांचं. तात्या, तुमी वाटे घाला."

झालं, प्रत्येक घराला एक आकडा नेमून दिला. शून्य कुणी घेईना, ते ग्रामसेवकाच्या गळ्यात मारलं. गावानं सगळेच्या सगळे आकडे धरले. धनराजसाहेब आधी चक्रावले, मग हसून म्हणाले, "चालेल, चालेल." ते हसू मला तेव्हाच आवडलं नाही.

चाक फिरलं, टोकनं आली. तात्यांनी उपरण्यावर वाटे घातले आणि एक घर उपाशी राहिलं. साहेबांनी मोठ्या मनानं त्या घराला नवीन टोकन दिलं. पुन्हा खेळ झाला, पुन्हा एक घर उपाशी. तिसऱ्यांदाही तेच.

"तात्या, जरा बाही झटका बरं," मागून कुणीतरी म्हणालं.

तात्यांनी बाही झटकली. टोपी काढली, खिसे उलटे केले, चपलासुद्धा आपटून दाखवल्या. सभा फिदीफिदी हसत होती. तात्या मात्र उपरण्यावरची टोकनं पुन्हा पुन्हा मोजत होते.

धनराजसाहेबांना दया आली असावी. "काका, तुमची चूक नाही. आकडे सदतीस आहेत, आम्ही देतो छत्तीस. दर फेरीला एक कंपनीचं. सगळं कायदेशीर आहे."

"मंग हे मघाशीच का नाय बोलले?" तात्या ओरडले.

"कुणी विचारलंच नाही, काका."

तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, फुकटच्या खेळात तीन फेऱ्यांत गावानं मला चोर ठरवलं. हितं रोज खरे पैशे लागले, तर उद्या कोन कोनाच्या हातचा वाटा घेईल?"

आता कुणी हसलं नाही. मघाशी मागून बोललेला माणूसही खाली बघत होता.

तात्यांनी अनवाणीच हात वर केला. "माझा विरोध लिहा."

बायकांचे हात तर आधीच वर होते. मग एकेक करत पुरुषांचे वर गेले. महेशचा हात सगळ्यात शेवटी उठला, तोही कोपरापर्यंतच. मी तो अख्खा मोजला.