पहिल्या पानाचा तक्ता

“वरून सुरू करा. मोठ्या अक्षरांपासून,” चष्मेवाला म्हणाला.

खुर्चीतल्या गृहस्थांनी तक्ता हात लांब करून धरला होता. चष्मेवाल्याने त्यांचं कोपर हलकेच दुमडून तो डोळ्यांजवळ आणला. मग ते वाचू लागले, सरकारी सूचना वाचावी तशा आवाजात. “‘त्या सकाळी तिने दूध तापवलं, गॅस बंद केला आणि दाराला कुलूप लावलं.’ बरोबर?”

“बरोबर. पुढे.”

“‘शेजारणीने विचारलं, कुठे निघालात? ती म्हणाली, इथेच.’ आता जरा बारीक झालं हो.”

चष्मेवाल्याने चाचणीच्या फ्रेममधली काच बदलली. “आता?”

“वा! ‘पिशवीत कपड्यांचे दोन जोड होते आणि एक टॉवेल.’ आणि ही शेवटची... ‘थांब्यावर ती उभी राहिली. बस आली. किल्ली अजून तिच्या मुठीत होती.’ दिसलं बुवा! एकदम लख्ख.”

“मग?” चष्मेवाल्याने विचारलं.

“मग काय? फ्रेमा दाखवा. काळ्यात काही आहे का?”

जवळचं दिसतं का ते तपासायला चष्म्याच्या दुकानांत असा तक्ता असतोच. वरचा मजकूर मोठा, खाली उतरावं तसा बारीक होत जाणारा. फक्त बाकीच्या दुकानांत तो कंपनीकडून येतो आणि त्यात आरोग्याविषयी किंवा फुलझाडांविषयी काहीतरी असतं. या तक्त्यावर चष्मेवाल्याच्या बायकोच्या कादंबरीचं पहिलं पान होतं.

तिने एकच कादंबरी लिहिली. शाळेच्या कचेरीत नोकरी करून, उरल्या वेळात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पुस्तक छापून झालं तेव्हा प्रकाशक म्हणाला, “बाई, छापणं माझं काम. पण हल्ली पुस्तक लोकांपर्यंत लेखकालाच न्यावं लागतं. बोला, फिरा, फोनवर दिसा.”

ती फिरली. वाचनालयात बोलायला गेली, तर खुर्च्या भरपूर आणि ऐकायला ग्रंथपाल व पहारेकरी. पहारेकऱ्यालाही मध्येच दार उघडायला जावं लागलं. मग मुलगी सुट्टीला आली. तिने बिस्किटांच्या डब्याला फोन टेकवून ठेवला आणि म्हणाली, “आई, फक्त अर्धं मिनिट. पुस्तक कशाबद्दल आहे तेवढं सांग.”

तिने फोनकडे पाहिलं. मग दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “एका बाईबद्दल आहे,” ती म्हणाली.

“अगं पुढे?”

“पुढचं ते वाचतील ना.”

मुलीने तेवढंच सगळ्यांना पाठवलं. नातेवाइकांनी अंगठे पाठवले, फुलांचे गुच्छ पाठवले. पुस्तक कोणी मागितलं नाही. खोकी दुकानाच्या पोटमाळ्यावर गेली.

तक्त्याची कल्पना चष्मेवाल्याची. छापखान्यात बसून त्याने प्रत्येक परिच्छेदाच्या अक्षरांचं माप स्वतः ठरवून घेतलं. तो तिला दाखवला तेव्हा ती हसून हसून खोकायला लागली. “अहो, लोक नंबर काढायला येतात. त्यांना कसली गोष्ट सांगताय?”

“पण माझ्याकडे आलेल्याला वाचावंच लागतं. सुटका नाही.”

“वाचतील हो. पण विचारेल का कोणी, पुढे काय झालं म्हणून?”

त्या दिवसापासून तो घरी आला की ती आधी तेच विचारायची. “विचारलं का कोणी?”

“आज नाही.”

दवाखान्यात होती तेव्हासुद्धा, नळ्या लावलेल्या असताना, भुवया वर करून ती तेच विचारायची. एकदा खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. पण ती लगेच म्हणाली असती, “मग तुम्ही काय सांगितलंत?” आणि ते त्याला सांगता आलं नसतं.

कारण त्याने पुस्तक वाचलं नव्हतं. पहिलं पान उलटलंच नव्हतं.

फार पूर्वी, मुलगी आजोळी गेलेली असताना, बायको एकदा संध्याकाळी उशिरा घरी आली होती. हातात पिशवी होती, बाजाराच्या पिशवीपेक्षा जड. कुठे गेली होतीस, असं त्याने विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे ते घडलंच नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. आणि इतक्या वर्षांनी पहिल्याच पानावर ती पिशवी समोर आली, तेव्हा त्याने पुस्तक मिटलं. पुढच्या पानांवर कुठेतरी तो स्वतः असणार होता.

“वाचलंत का?” तिने विचारलं होतं.

“जवळचा नंबर वाढलाय गं माझा. काचा बदलायच्या राहिल्यात.”

“दिव्याखाली अंधार,” ती म्हणाली होती. काही दिवस ती हे गमतीने म्हणत राहिली. मग म्हणेनाशी झाली. गेल्या थंडीत ती गेली.

तक्ता दुकानात तसाच राहिला. लोक तिची वाक्यं वाचत राहिले, घोगऱ्या आवाजात, किनऱ्या आवाजात, अडखळत, घाईने. अक्षरं दिसली की त्यांचं काम संपायचं.

एका दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. खुर्चीत बसता बसताच बोलू लागली. “भाऊ, सुईत दोरा जाईना. सुई बदलली, दोरा बदलला. आता डोळे बदलायचे राहिलेत.”

त्याने काचा लावल्या, तक्ता हातात दिला. ती सावकाश वाचत खाली उतरली. शेवटच्या ओळीला थांबली. मग तिने तक्ता उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं.

“मग? गेली का ती?”

चष्मेवाला काच पुसत होता. तो पुसतच राहिला. “कोण?”

“कोण म्हणजे? ही किल्लीवाली! गेली का माघारी फिरली? दूध तापवून निघालीय, म्हणजे घरात पिणारं कोणीतरी आहे.”

“पुस्तक आहे ते,” तो म्हणाला. “माझ्या बायकोने लिहिलेलं.”

“अरे वा! मग तुम्हाला ठाऊकच असणार. सांगा की.”

त्याने पुसलेली काच पेटीत ठेवली. मग म्हणाला, “माझा जवळचा नंबर वाढलाय.”

बाईने भिंतीवर ओळीने मांडलेल्या चष्म्यांकडे पाहिलं. ती हसली नाही. “बरं,” एवढंच म्हणाली. “मला द्या. मी वाचते.”

त्याने पोटमाळ्यावरून एक प्रत काढून, धूळ झटकून, तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर तो सवयीने स्वयंपाकघराच्या दारात थांबला. “आज विचारलं एकीने,” तो मोठ्याने म्हणाला. टेबलावर सकाळचा कप तसाच होता. पुढचा प्रश्न आला नाही.

चष्मा तयार झाला त्या दिवशी बाई दारातूनच म्हणाली, “जुन्या चष्म्याने डोळे फोडून वाचलं. आता शेजारणीकडे आहे. ती वाचतेय, रडतेय आणि मला शिव्या घालतेय. आणखी प्रती आहेत ना? माझ्याकडे ब्लाउज न्यायला येतात त्या सगळ्या मागे लागल्यात.”

“आहेत,” तो म्हणाला. “पुष्कळ आहेत.”

त्याने चष्मा तिच्या नाकावर बसवला, कानामागची दांडी किंचित वाकवली. मग तक्त्याऐवजी पुस्तक पुढे केलं. “शेवटचं पान वाचा जरा. काच तपासायचीय.”

“तक्ता आहे की.”

“तो तुम्हाला पाठ झाला असेल.”

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग पान काढलं आणि वाचू लागली. हा सूचना वाचण्याचा आवाज नव्हता.

“‘ती परत आली तेव्हा दिवे लागले होते. तो ओट्याशी उभा राहून सकाळचं दूध पुन्हा तापवत होता. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी जड आहे हे त्याच्या हाताला कळलं, तिने ते पाहिलं. त्याने ती खुंटीला लावली आणि दोन कप काढले. दमलीस, एवढंच म्हणाला. कुठे गेली होतीस, हे त्याने विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. त्याने विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं.’”

पंखा फिरत होता. बाईने पुस्तक मिटून काउंटरवर ठेवलं.

“नीट दिसतंय ना?” त्याने विचारलं.

“दिसतंय, भाऊ.”

तिने पिशवीत मावतील तेवढ्या प्रती घेतल्या आणि ती गेली. त्याने काउंटरवरचं पुस्तक उचललं. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, चाचणीची फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली आणि एकामागून एक काचा घालून पाहिल्या. अक्षरं ठळक उभी राहिली. पाठ झालेलं पहिलं पान त्याने उलटलं.

दारात कोणीतरी डोकावलं. “बंद आहे का दुकान?”

“नाही, या. बसा,” तो मान वर न करता म्हणाला. “एवढं पान होऊ दे.”