बोर्ड गेलाय

"बोर्ड गेलाय, कॉम्प्युटर नवीनच घ्या," मी मावशींना सांगून टाकलं. त्याचं घड्याळ रोज मागे पडायचं. मी आतला सेल बदलला आणि वेळ लावायला सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरलो, तर तिथेच सगळं ठप्प. पाचदा बंद-चालू केला, पाचही वेळा तेच.

मावशी निवृत्त नर्स. "मी रोज वापरते. कधी अडकला नाही," त्या म्हणाल्या.

"वीस वर्षं कॉम्प्युटरच दुरुस्त करतोय मी," माझं डोकं सटकलं.

"मग जोडलेलं सगळं काढून बघा एकदा."

त्यांच्या समाधानासाठी प्रिंटर, माउस, स्पीकर काढले. तरी तेच. "बघा!" मी म्हणालो.

त्यांनी पुढे खोचलेल्या पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"ते माझं, तपासणीचं. नवंकोरं आहे. कुठलंही मशीन असो, आधी तेच लावतो."

"वॉर्डात एकापाठोपाठ पेशंट बिघडायला लागले, की आम्ही आधी आपलेच हात बघायचो."

मी चिडूनच ते उपटलं. मशीन परत चालू केलं. निळा पडदा आला आणि मुकाट्याने वेळ लावून घेतली.

जिना उतरताना माझे पाय थबकले. गेल्याच आठवड्यात, हेच पेनड्राइव्ह लावून, शिंपीकाकांचा कॉम्प्युटर मी असाच मोडीत काढला होता. तिथूनच फोन लावला.

"काका, तो जुना कॉम्प्युटर आहे का अजून?"

"नाही रे, भंगारात दिला. तू सांगितल्यावर आणखी कुणाला विचारायचं?"