सुजलेल्या पायांतली जोडवी

पासष्टच्या सप्टेंबरात बनुबाईला आठवा महिना लागला आणि तिचे पाय सुजले. कृष्णाकाठच्या त्या बागायती घरात ही सूज शुभ ठरली. अंगावर पाणी चढले म्हणजे पोटात मुलगा आहे, असा सासू चंद्राबाईंचा सिद्धान्त होता. डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ही सुनेची तक्रारही त्यांनी त्याच सिद्धान्तात बसवली. सिद्धान्त पुरेसा जुना असला की विरोधी पुरावाही त्यात निमूट मावतो.

आठवड्याला फेरी मारणाऱ्या नर्स शालूबाईंना त्या सोप्यात बसायला कोणी पोतेही देत नसे. त्यांच्या वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. घराला ते अद्याप कळवण्यात आले नसावे. शालूबाईंनी बनुबाईची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. ती उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी साकळली. त्यांनी स्वच्छ सांगितले, की ही साधी सूज नव्हे. झटके आले तर आई आणि मूल दोन्ही जातील, आजच सांगलीच्या दवाखान्यात न्या.

अडचण जोडव्यांची होती. चांदीची जोडवी सुजलेल्या बोटांत रुतून बोटे काळीनिळी पडली होती आणि दवाखान्यात ती कापणार, हे उघड होते. नवरा मानसिंग सीमेवर लढत होता. तो रणांगणात असताना सवाशणीचे जोडवे कापणे म्हणजे त्याच्या मरणाला घरातून आमंत्रण. चंद्राबाईंनी एरंडेल चोळले, साबण लावला. जोडवी हलली नाहीत. सासरे हंबीररावांनी विचारांती निर्णय दिला, की लढाई थांबेपर्यंत थांबावे. एका सुनेच्या उपचाराची तारीख ठरवण्याचा मान अशा रीतीने दोन राष्ट्रांच्या सेनापतींकडे गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बनुबाईला दाराच्या दोन चौकटी दिसू लागल्या. ती भिंतीला धरून पाणी उपसायच्या इंजिनाच्या खोपीत गेली आणि ज्योतिबा गड्याकडून पक्कड मागून घेतली. खिळा काढायचा असेल, असे त्याला वाटले. परत येऊन ती पायरीवर बसली. पोट आड येत होते, हात घसरत होता, एका बोटाची कातडीही निघाली. तरी जोडवी एकेक करून तिने कापली.

आवाजाने चंद्राबाई बाहेर आल्या. पायरीवर पडलेली चांदी त्यांनी पाहिली. मग म्हणाल्या, "माज्या लेकाचा जीव घेतलास गं."

"आत्याबाई, त्यांचा जीव माज्या बोटांत असता, तर सरकारनं त्यास्नी बंदूक कशाला दिली असती?" बनुबाईने पक्कड खाली ठेवली. "तुटायचं ते तुटलं. आता राखायला काय उरलं न्हाई. गाडी जुंपायला सांगा."

हंबीरराव उंबऱ्यात उभे होते. त्यांनी पक्कड न्यायला आलेल्या ज्योतिबाकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

गाडीने सडकेपर्यंत आणि तिथून एस.टी.ने सांगली. निरोप धाडून बोलावलेल्या शालूबाई सोबत होत्या. दवाखान्यात अंधारी खोली, इंजेक्शने, अळणी जेवण. दुसऱ्या दिवशी एक झटका आला. तो घरी आला असता, तर या गोष्टीला सांगणारा मिळाला असता, नायिका नव्हे. अकराव्या दिवशी मुलगी झाली, साडेचार पौंडांची, जिवंत.

तोवर लढाई थांबली होती. मानसिंगचे पत्र मात्र आले नव्हते. चंद्राबाई नवी जोडवी घेऊन आल्या, नातीकडे पाहिले न पाहिले आणि खाटेच्या पायथ्याशी वाकल्या. बनुबाईने पाय आखडून घेतला.

"सूज उतरू द्या."

"पत्र यायचंय अजून. तवर तरी घाल."

"पत्र मलाबी पायजे, आत्याबाई. पन सूज उतरल्याबिगर न्हाई. आन् घरी यायचं ते डॉक्टर म्हनतील तवा."

 चंद्राबाईंनी जोडवी पदराच्या टोकाला बांधली आणि सुजलेला घोटा बोटाने दाबून पाहिला. खळगा पडला. तो भरून यायला किती वेळ लागतो, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.