बुडालेली शीव

निर्मलाबाईने सकाळपासून कितव्यांदा तरी बाळाच्या तळव्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तळवा गारच होता. पायांना चुलीशी शेकलेलं फडकं गुंडाळलं होतं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी होती, दाराला गोधडी टांगली होती. एवढं करूनही पोराच्या अंगात ऊब धरत नव्हती. तिची लेक तृप्ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या छातीवर दुधाचे ओले डाग पडले होते, पण बाळ तोंडच उघडत नव्हतं.

"माय, हा रडत बी नाही वं आता," तृप्ती म्हणाली. "काल रडून तरी राहिला होता."

निर्मलाबाई उठली, अंगणात गेली, काहीच न करता परत आली आणि पुन्हा उठली. ओट्यावर बसलेल्या गोमाजीने, तिच्या नवऱ्याने, तिला एका जागी बसायला सांगितलं. एरवी ती बसलीही असती. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याने सांगितलं की बसत होती आणि सांगितलं की उठत होती. "तुमी म्हनान तसं" एवढ्या एका वाक्यावर तिने सगळा संसार रेटला होता. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं, तेव्हा नव्या गावात घर कोणत्या ओळीत घ्यायचं हे विचारायला गोमाजी आला, तेव्हाही ती तेच म्हणाली होती. त्यामुळे घर मिळालं ते अगदी शेवटच्या ओळीत, जिथे नळाचं पाणी पोचता पोचता दमून जात असे.

पण आज तिला बसवत नव्हतं.

तृप्तीचं हे पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली होती. परवा पहाटे कळा सुरू झाल्या आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत बाळ आलंसुद्धा. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायजाबाईने ते हातात झेललं. गावची आशाताई रंजिता धावत आली, तेव्हा पोरगं खणखणीत रडत होतं. एकदा दोघांना पवनीला दाखवून आणू, असं ती म्हणाली होती, पण धट्ट्याकट्ट्या पोराला दवाखाना कशाला म्हणून सगळे हसले. निर्मलाबाईही हसली होती, कारण सगळे हसत होते.

आज रंजिता आली ती थेट खाटेपाशी गेली. तिने दुपटं सोडलं, बाळाच्या पोटावर हात ठेवला, तळव्याला टिचकी मारून पाहिली. बाळाने नुसता चेहरा आवळला. मग ती उभी राहिली.

"काकू, आत्ताच्या आत्ता पवनीले न्या लागते. तिथून भंडाऱ्याले पाठवतीन. हे थांबाचं काम नाही."

निर्मलाबाईने सवयीने ओट्याकडे पाहिलं. गोमाजीची मान खाली होती. पाचवी व्हायची होती ना. त्यांच्याकडची रीत अशी की पाचवीची पूजा झाल्याशिवाय बाळ गावाची शीव ओलांडत नाही. ओलांडलं तर शिवेवरचं काहीबाही मागे लागतं. त्यातून नातू जावयाच्या घरचा. गोमाजीच्या मनात तो एखाद्याने जपून ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा होता. जशीच्या तशी परत करायची, मधे आपली अक्कल चालवायची नाही. उद्या काही कमीजास्त झालं, तर विहीणबाई जन्मभर तेच तोंडावर फेकतील, ही त्याची खरी भीती होती. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसाच्या घरात बायकोचाही धीर हळूहळू आटत जातो.

त्याने जावयाला, निकेशला, फोन लावला. निकेश वरठीच्या कारखान्यात कामाला होता आणि पाळीवर असताना त्याचा फोन बंद असे. मग त्याने विहिणीला, धुरपताबाईला, फोन केला. तिकडून ती म्हणाली की बाळ तुमच्या घरी आहे, तुम्हीच काय ते पाहा, पण पाचवी तेवढी होऊ द्या, आम्ही कपडे घेऊन येतोच आहोत. गोमाजीने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. बायजाबाईने ओव्याची धुरी दिली, बाळाच्या पोटावर कोमट तेल चोळलं आणि वारं लागलंय, उतरेल, असं सांगितलं. रंजिता दारात उभी राहून एकामागून एक फोन करत होती. दवाखान्याची गाडी दुसऱ्या गावी बाई आणायला गेली होती, दुपारनंतर मिळणार होती.

ओव्याच्या धुराने निर्मलाबाईचे डोळे चुरचुरले आणि ती अंगणात आली. हा वास तिच्या ओळखीचा होता. तृप्तीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, जुन्या गावात. तोही असाच गार पडत गेला होता, अशीच धुरी दिली होती, आणि तिच्या सासूने पाचवीपर्यंत कळ काढ म्हणून सांगितलं होतं. तिने कळ काढली. पोराने काढली नाही. त्याला शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली पुरलं, त्याचं नावही ठेवलेलं नव्हतं. पुढे धरणाचं पाणी चढलं तेव्हा लोक घरांच्या कौला-दारांसाठी रडले. निर्मलाबाई त्या मोहासाठी रडली, पण ते कोणाला कळलं नाही, कारण तेव्हा सगळेच रडत होते.

ती आत आली. तिने नातवाला उचललं, रंजिताने सांगितलं होतं तसं त्याला आपल्या उघड्या छातीशी धरलं, वरून पदर आणि पदरावरून शाल घट्ट गुंडाळली.

"तृप्ती, ऊठ. डोक्याले बांध. चाल."

तृप्ती उठली. रंजिताने तिला धरलं. गोमाजीला काही कळायच्या आत तिघी रस्त्याला लागल्या होत्या.

धानाची कापणी चालू होती, त्यामुळे गल्ल्या रिकाम्या होत्या. तरी बायजाबाई काठी टेकत मागे आलीच. गावाच्या तोंडाशी सरकारने नाव लिहिलेली लोखंडी पाटी उभी केली होती. नव्या गावाला आल्यापासून लोक तिलाच शीव मानू लागले होते. नवरदेव तिथे उतरवत, नारळ तिथे फोडत. म्हातारी तिथे पोचली आणि तिने काठी आडवी धरली. म्हातारीला पोराचं वाईट व्हावंसं वाटत नव्हतं.

"निर्मला, पाचवी झाली नाही वं. शीव नको ओलांडू."

निर्मलाबाई थांबली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की त्या आवाजाने पोर जागं होईल असं तिला वाटलं. झालं असतं तर किती बरं झालं असतं.

"बायजामाय, आपली शीव पान्यात बुडाली," ती म्हणाली. "मोहासकट बुडाली. हे तं पाटी होय. सरकारनं लावली, देवानं नाही."

बायजाबाईने तिच्याकडे पाहिलं. मोहाखालचा तो खड्डा खणताना बायका लांब उभ्या होत्या, त्यात बायजाबाईही होती. तिने काठी खाली घेतली.

फाट्यावर धरणाच्या मासळीचा टेम्पो आला. टेम्पोवाला भय्याजी रोज बर्फाची खोकी भरून पवनीला जात असे. रंजिताने रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याला अडवलं. आपल्या गाडीला मासोळीचा वास येतो, त्यात बाळंतीण कशी बसेल, अशी त्याला उगाच लाज वाटत होती. निर्मलाबाईने दार उघडलं आणि आधी तृप्तीला आत ढकललं. एवढ्यात गोमाजी धापा टाकत आला. त्याच्या हातात बायकोच्या चपला होत्या. ती अनवाणीच निघाली होती. त्याने चपला तिच्या पायांशी ठेवल्या, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे जाऊन बर्फाच्या खोक्यावर बसला. त्याच्याजवळ जागा करून रंजिताही चढली.

वाटेत निर्मलाबाईने एकदाही पदर उघडून पाहिलं नाही. तिला पाहायची भीती वाटत होती. छातीला लागलेला तो गार गोळा जिवंत आहे का नाही, हे कळायला ती स्वतःचा श्वास रोखून धरायची, मग त्याचा लागायचा, अगदी बारीक. तेवढा लागला की ती आपला श्वास सोडायची. पवनी येईपर्यंत तिचं असंच चाललं होतं. पवनीच्या दवाखान्याने वेळ न घालवता पुढची गाडी दिली आणि भंडाऱ्याला एका नर्सने बाळ तिच्या छातीपासून अलगद सोडवून घेतलं, तेव्हा तिला आपले हात एकदम परके वाटू लागले. ते कुठे ठेवावेत, हेच तिला सुचेना.

बाळाला आत काचेच्या पेटीत ठेवलं. रक्तात जंतू शिरलेत, डॉक्टर म्हणाले. बरेच दिवस ठेवावं लागेल, आज काही सांगता येत नाही. ठेवायचं ना, असं त्यांनी गोमाजीला विचारलं. गोमाजीने बायकोकडे पाहिलं.

"ठेवा," निर्मलाबाई म्हणाली.

पाचवीच्या दिवशी धुरपताबाई तिथेच आली, बरोबर निकेश. पाचवीच्या कपड्यांची पिशवी तिच्या हातात होती. पोराला अजून नळीनेच दूध जात होतं. काचेतून त्याला पाहून आल्यावर ती व्हरांड्यात निर्मलाबाईच्या शेजारी बसली. मग म्हणाली की आम्हाला न विचारता नेलं.

"इचारलं असतं तं तुमी काय म्हनलं असतं, इहीनबाई?"

धुरपताबाईने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "मले वाटलं, इवाई म्हनतीन नेतो म्हून," ती हळू म्हणाली. "मी वाट पाहून राहिली होती त्यायच्या म्हनन्याची."

आणि व्याही, गोमाजी, तिच्या म्हणण्याची वाट पाहत होता. दोन्ही घरं आपापली पायरी सांभाळत बसली होती, आणि मधे ते पोर गार पडत होतं. निर्मलाबाईला राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळलं नाही. तिने पिशवी हातात घेतली. त्यात पिवळं झबलं होतं, कोणीतरी हाताने शिवलेलं. तिने ते मांडीवर ठेवून त्याची नीट घडी केली.

बाळ घरी निघालं त्या दिवशी त्याच्या अंगात तेच झबलं होतं. ते त्याला अजूनही सैल होत होतं, पण पोरगं तोंड उघडून रडत होतं, दूध ओढत होतं आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला नाराजी दाखवत होतं. पवनी सोडल्यावर रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने जाऊ लागला. पाणी लांबवर पसरलं होतं. त्यातून मधेमधे मेलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते.

निर्मलाबाईने गाडी थांबवायला सांगितली.

ती पोराला घेऊन उतरली आणि काठाशी गेली. शेंड्यांपैकी एक तिच्या ओळखीचा होता. वीज पडून दोन फांट्यांत चिरलेला मोह. तिने बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि त्याला जरा उभं, त्या बाजूला तोंड करून धरलं. तृप्ती गाडीच्या दारातून पाहत होती.

"माय, काय करून राहिली वं? वारा हाय तिथं."

"दाखवून राहिली."

"कोनाले?"

"तुह्या भावाले."

तृप्तीला भाऊ नव्हता. तिने वडिलांकडे पाहिलं. गोमाजी खाली उतरला, पाण्यापाशी गेला आणि खांद्यावरचा दुपट्टा उलगडून वाऱ्याच्या बाजूने आडवा धरून उभा राहिला. निर्मलाबाईने पोराचे कान झाकले, पण तोंड तसंच पाण्याकडे राहू दिलं.