छातीला ओ देणारा देव

द्वारकाबाईच्या नातवाचं जावळ काढलं ते साल दोन हजार तेरा, महिना मार्गशीर्ष. द्वारका माझी धाकटी बहीण, करमाडला दिलेली. जावळाच्या पंगतीतच द्वारकेच्या गुरुमहाराजांनी जाहीर केलं की यंदा सगळ्यांनी परदेशातल्या शंभूच्या दर्शनाला यायचं. म्हणून पौषातल्या एका सकाळी आम्ही सव्वीस माणसं कंबोडिया देशाच्या जंगलात, एका पडक्या देवळापुढं रांग लावून उभी होतो, आणि आतून आवाज येत होता.

धुम्म.

नगाऱ्यावर दूर कुणी टिपरू मारावं तसा. कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू यायचा. आवाज आला की बाहेरची रांग "हर हर महादेव" म्हणायची, आणि आतून माणूस डोळे पुसत बाहेर यायचा.

"ओ दिली! देवानं मला ओ दिली!" काकासाहेब दोन्ही हात वर करून ओरडत आले. हे करमाडचे जुने सरपंच. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात नळी बसवली होती. त्यांनी खिशातली गोळ्यांची पाकिटं काढली आणि महाराजांचा शिष्य रामकिसन पिवळी झोळी घेऊन उभा होता, तिच्यात टाकली. झोळी निम्मी भरली होती. दर्शन संपलं की ती समोरच्या तळ्यात सोडायची होती. त्याला महाराज 'औषध-विसर्जन' म्हणत.

महाराजांचा मठ कन्नड गावाच्या अलीकडं. आवाज गोड, दाढीला तेल, अंगावर भगवी शाल आणि मनगटावर परदेशी घड्याळ. दाराशी उभं राहून ते प्रत्येकाला तेच सांगत होते.

"टाळी वाजवा! काही आलं? नाही. आरोळी मारा! काही आलं? नाही. हा देव टाळीला भुलत नाही, आरोळीला भुलत नाही. हा फक्त हृदयाला ओ देतो. छातीवर मूठ मारा. ओ आली, की रोग गेला! परदेशी शास्त्रज्ञांनी इथं मशीन लावली होती. मशीन जळाली!"

मशीन कोणती आणि जळाली कधी, हे विचारायला कुणी मोकळं नव्हतं. सगळ्यांचे हात जोडलेले होते.

माझंही लक्ष देवाकडं नव्हतं. माझं लक्ष द्वारकेकडं होतं.

पहाटे चारला आमची बस शहरातून निघाली, ती साडेचार तास चालली. शेवटी नुसती लाल माती. रस्त्याच्या कडेला लाल पाट्या, त्यांवर कवटीचं चित्र. जुन्या लढाईतले सुरुंग अजून जमिनीत आहेत, पायवाट सोडू नका, असा त्यांचा अर्थ गाइड पोरीनं हातवारे करून सांगितला. मी तीस वर्षं विहिरी खोदल्या, सुरुंग लावून खडक फोडला. न उडालेला सुरुंग काय असतो ते मला कुणी सांगायला नको.

द्वारकेनं बसमध्ये पाण्याच्या पाच बाटल्या संपवल्या. दोनदा ओकली. मग खिडकीला डोकं टेकून, डोंगर चढून आल्यासारखी धापा टाकायला लागली.

"द्वारके, सुई घेतलीस का सकाळी?" मी विचारलं.

तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. एकोणीस वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घेते. नुसत्या गोळ्यांनी तिची साखर आटोक्यात येत नाही. मी तिच्या मांडीवरचा बर्फाचा थर्मास उघडला. शहागंजच्या बाजारातून मुद्दाम आणला होता. आतल्या कुप्या मुंबईला भरल्या तशाच होत्या.

"कवापासून घेतली नायस?"

"इमानात बसल्यापासून," ती म्हणाली. "तीन दिसाचं व्रत हाय, दादा. अन्न कमी, अवषीद बंद. आज ओ आली की सुई कायमची सुटंल."

"अगं, मरशील!"

"तुला टोचत नाय ना." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पोटाची चाळण झाली माझ्या. लग्नाला जा, सुई घेऊन जा. मयतीला जा, सुई घेऊन जा. एकोणीस वरसं. एकदा तरी मला मोकळं होऊ दे."

तिच्या तोंडाला एक वास येत होता, जास्त पिकलेल्या फळासारखा.

आता रांगेत तिचा नंबर आला. दोन बायांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. महाराजांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. "मार माई मूठ!"

धुम्म.

ती बाहेर आली तेव्हा रडत होती आणि हसत होती. मी आडवा यायच्या आत तिनं थर्मास रामकिसनच्या झोळीत टाकला आणि देवळाच्या पायरीवर बसली. बसली म्हणजे कोसळली. श्वास भात्यासारखा चालला होता.

"विष बाहेर पडतंय," महाराज म्हणाले. "घाबरू नका."

माझ्या बंडीच्या खिशात आमच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद होता. पंचेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो, त्यामुळं मला वाचायला वेळ लागतो. पण हा कागद मोठ्या अक्षरात होता. 'फार तहान, उलटी, जोराचा श्वास, तोंडाला फळासारखा वास. हे दिसलं तर लगेच इन्सुलिन आणि लगेच दवाखाना. तासाभराचा उशीरही जिवावर बेतेल.'

चारही गोष्टी माझ्यासमोर पायरीवर बसल्या होत्या. दवाखाना साडेचार तासांवर. रांगेत दहा माणसं उरलेली. ती संपली की झोळी तळ्यात.

मी रामकिसनकडं गेलो. "बाबा, तेवढा थर्मास दे."

"देवाला दिलेलं माघारी घेता व्हय? आन् मी दिला तरी माई सुई घेणार हायेत का? इचारा त्यांला."

मी विचारलं. द्वारकेनं मान हलवली. "देवानं ओ दिली, दादा. आता सुई घेतली तर त्यो कोपंल."

रामकिसन खरं बोलला होता. थर्मास हिसकावता आला असता. तिच्या मनातली ओ कशी हिसकावणार?

तेवढ्यात पायरीच्या पलीकडं कुणीतरी हुंदके देताना ऐकू आलं. शेंद्र्याची चतुराबाई. गुडघ्यांनी बेजार झालेली विधवा बाई.

"काय झालं गं?"

"मला नाय दिली ओ," ती म्हणाली. "किती मारलं छातीवर, मुकाच ऱ्हायला. महाराज म्हणले, तुज्यावर पितरांचा दोष हाय, घरी गेल्यावर मोठं अनुष्ठान कर."

"आत तुला कुठं उभं केलं होतं?"

"मधी. कमळ कोरलंय ना खाली दगडात, त्याच्यावर."

मी द्वारकेकडं वळलो. "आन् तुला?"

"भित्तीला पाठ लावून," ती कशीबशी म्हणाली. "चक्कर येत हुती म्हनून महाराजांनीच टेकवलं."

मी काकासाहेबांना विचारलं. भिंतीला पाठ. आणखी दोघांना विचारलं. भिंतीला पाठ. मग ओ न आलेला एक जण सापडला. तो कमळावर.

मला विहीर आठवली. दगडानं बांधून काढलेल्या खोल विहिरीत, पाणी लागायच्या आधी, आम्ही तळाशी भाकरी खायला बसायचो. भिंतीला टेकून कुणी खोकला की सगळी विहीर घुमायची. मधोमध बसून खोका, काही नाही. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. आमच्यातला म्हातारा म्हणाला होता, भिऊ नको पोरा, प्रत्येक विहिरीचा आपला एक सूर असतो, तिची कड धरून हलवली की ती बोलते.

मी रांग मोडून गाभाऱ्यात शिरलो. पाच-सहा हात लांब, तेवढाच रुंद, चारी बाजूंनी दगड आणि वर धुराड्यासारखा उंच. आतलं लिंग कधीच चोरीला गेलेलं. मी कमळावर उभा राहिलो आणि छातीवर मूठ मारली. काही नाही. दोन पावलं मागं सरकलो, पाठ दगडाला लावली, तेवढीच मूठ मारली.

धुम्म.

बाहेर "हर हर महादेव" झालं.

मी दारात आलो. "बाया-बापड्यांनो, हितं या. हा आवाज देवाचा नाय. ही खोलीच घुमती. भित्तीला टेका, घुमती. मधी ऱ्हावा, मुकी. ज्याला बरं झालं म्हणायचं त्याला महाराज भित्तीला टेकवत्यात, ज्याला अजून पिळायचं ऱ्हायलंय त्याला कमळावर."

रांगेत कुजबुज झाली. महाराज हसले. मानलं पाहिजे, माणूस हजरजबाबी होता.

"बाबा, तुम्ही स्वतःच रहस्य सांगितलंत! भिंत म्हणजे शिवाची पाठ. ज्याला शिवानं पाठीशी घेतलं, त्यालाच तो भिंतीकडं बोलावतो. बोलावणारा मी कोण?"

"वा!" काकासाहेब म्हणाले. "मल्हारी, तू विहिरी खंद. देवाच्या कामात नाक खुपसू नको."

लोक पुन्हा त्यांच्याकडं झुकले. मी बघितलं, द्वारकेचे डोळे मिटत होते. वाद घालायला वेळ नव्हता. बसच्या दाराशी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा प्लास्टिकचा रिकामा डबा पडला होता. मी तो उचलून आणला, आत गेलो आणि बाहेर सगळ्यांना दिसेल असा भिंतीला टेकवून त्याच्या बुडावर मूठ मारली.

धुम्म. माणसांच्या छातीपेक्षा मोठ्यानं.

"शिवानं ह्या डब्याला पाठीशी घेतलं का, महाराज?" मी ओरडलो. "ह्याला कोणता रोग हुता? मधुमेह का गुडघेदुखी?"

कुणीतरी फिसकन हसलं. चतुराबाई होती. रडता रडता हसली. आणि गुडघे धरत, कुणाला न विचारता आत आली, माझ्या शेजारी दगडाला टेकली, आणि छातीवर मूठ मारली.

धुम्म.

"अगं बया!" ती म्हणाली. "माजे पितर गेले की काय एवढ्यात?"

आता लोक हसले. महाराजांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "रामकिसन! झोळी सोड तळ्यात! सोड!"

रामकिसन तळ्याकडं धावला. मीही धावलो. पासष्ट वर्षांचा माणूस किती धावणार? पण झोळी जड होती आणि तळ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या. दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय सटकला, तो बसला, आणि मी झोळीचा बंद धरला. ओढाओढीत झोळी फाटली. बाटल्या, पाकिटं गडगडत पाण्यात गेली. थर्मास माझ्या पायाशी अडकला.

मी तो घेऊन द्वारकेजवळ आलो. "द्वारके, ऐकलंस? डबा बोलला. चतुराबाई बोलली. तू कमळावर उभी असतीस तर मुकी ऱ्हायली असतीस. दोन पावलांत कुणाची साखर उतरती का गं?"

तिनं डोळे उघडले. "मग मोकळी झालेच नाय का मी?"

"नाय झालीस, बाई."

मग तिनं पदर बाजूला केला. तिला नीट दिसेना, सुईत औषध मलाच भरावं लागलं. किती रेघा, ते तिनं सांगितलं. टोचलं मात्र तिनं स्वतः.

गाइड पोरीनं तोवर डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्या हातातून घेतला होता. मराठी तिला काय कळणार, पण द्वारकेचा श्वास तिला कळला. तिनं ड्रायव्हरला हाक मारली, फोन लावला. द्वारकेला बसच्या मागच्या सीटवर आडवी टाकली. महाराज म्हणाले, दर्शन अर्धवट सोडून बस जाणार नाही. चतुराबाई म्हणाली, "मग तुमी ऱ्हावा हितं. कमळावर बसा." रांगेतली दहाही माणसं बसमध्ये चढली, त्यांच्यामागं बाकीचेही.

साडेचार तास मी तिच्या तोंडात थेंब थेंब पाणी घालत होतो. गाडी खड्ड्यात आदळली की श्वास थांबल्यासारखा व्हायचा आणि मी हात नाकाशी न्यायचो. दवाखान्यात सलाईन लावलं, चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी तिनं भात मागितला.

मी गावी आल्यावर करमाडच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा विहिरीवरचा म्हातारा बरोबर होता. बंद जागेतल्या हवेला ठरावीक सूर असतो, आणि तो भिंतीपाशी ढकलला तरच जागा होतो. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, हलत नाही. कडेला एक बोट लावा, उघडतं. टाळीचा सूर बारीक, छातीचा जाड, आणि खोलीला जाडच ओळखीचा. ज्यांनी ते देऊळ हजार वर्षांपूर्वी बांधलं ते थोर कारागीर होते. त्यांच्या कारागिरीवर एका लबाडानं आपला गल्ला मांडला, एवढंच.

देवाला माना, न माना, तो तुमचा प्रश्न. पण कुणी चमत्कार दाखवला तर एक करा: तुम्हाला जिथं उभं केलं तिथून दोन पावलं सरका आणि तोच चमत्कार पुन्हा मागा. आणि डॉक्टरनं दिलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही झोळीत टाकू नका.

द्वारकाबाई त्यानंतर आठ वर्षं सुई घेत जगली. नातवाला शाळेत सोडायला जायची. दोन हजार बावीसच्या आषाढात ती गेली.

काकासाहेबांनी डबा बोलताना ऐकला होता. चतुराबाई बोलताना ऐकली होती. परतीच्या विमानात मी त्यांना म्हणालो, उतरल्यावर पहिल्यांदा गोळ्या घ्या. ते म्हणाले, "डब्याचं डब्यापाशी. माझ्या छातीतून निघालेली ओ मी ऐकलीय, मल्हारी." त्यांच्या बायकोनं नवी पाकिटं आणली, ती त्यांनी उघडली नाहीत. ९ मार्च २०१४, रविवारी सकाळी, करमाडला राहत्या घरी काकासाहेब हृदयविकाराच्या झटक्यानं वारले. वय अठ्ठावन्न.