एकशे तेरा मीटर

“ताई, टोक मी धरतो की. तुमचा ड्रायव्हर गाड्या अडवतोय, तुम्ही एकट्या किती धावणार?” असे म्हणून तक्रार करणाऱ्या बाईच्या नवऱ्याने टेपचे टोक हातात घेतले, आणि हवालदारबाईंनी ते त्याला घेऊ दिले.

चष्म्याच्या दुकानाच्या दारापासून समोरच्या बस थांब्यावरच्या बाकापर्यंतचे अंतर मोजायचे होते. कोर्टाचा हुकूम होता की या माणसाने बायकोच्या घराच्या आणि कामाच्या जागेच्या शंभर मीटर आत फिरकायचे नाही. बायको त्या दुकानात चष्म्यांच्या काचा बसवायची, आणि नवरा रोज दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्या बाकावर बसायचा. तिने तीनदा पोलिसांना फोन केला. तीनदा पोलीस आले आणि तीनदा त्याने शांतपणे सांगितले की साहेब, मी शंभराच्या बाहेर आहे, मोजून बघा. शेवटी ठाण्याचे साहेब वैतागले आणि म्हणाले, जा बाई, एकदाचं मोजून टाका.

मोजण्याच्या कामात बाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. सव्वीस वर्षे त्यांनी अपघातांची मोजमापे घेतली होती. ट्रक कुठे थांबला, ब्रेकच्या खुणा किती लांब, चप्पल कुठे पडली, सगळे सेंटिमीटरपर्यंत. विम्याचे भलेभले वकील त्यांच्या आकड्यांपुढे हात टेकायचे. ठाण्यात त्यांना टेपबाई म्हणत, आणि आपल्याला हे नाव आवडत नाही असे त्या फक्त वरवर दाखवत.

दारात उभे राहून त्यांनी समोर पाहिले. रस्त्याच्या मधोमध छातीइतका उंच लोखंडी कठडा होता. पलीकडे जायचे तर सिग्नलपर्यंत चालत जायचे, रस्ता ओलांडायचा आणि तेवढेच परत यायचे. बाई जरा घुटमळल्या.

“मी काय उडत जाणार आहे का?” नवरा हसून म्हणाला. “गेलो तर चालतच जाईन. माणूस चालतो तसं मोजा.”

बाईंना ते पटले. अपघातात त्या तसेच मोजत आल्या होत्या, गाडी जिथून गेली त्या वाटेने. त्यांनी वळणावळणाला खडूने खूण करत मोजले आणि आकडा आला एकशे तेरा. तो त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली सही केली. नवऱ्याने आभार मानले. आपण बऱ्या स्वभावाच्या माणसाला उगाच ताटकळत ठेवले असेही बाईंना क्षणभर वाटून गेले.

पुढच्या आठवड्यात नवरा बाकावर उशी घेऊन आला. शिवाय त्याने त्या मोजमापाच्या कागदाची नक्कल रीतसर अर्ज करून मिळवली आणि लॅमिनेट करून घेतली. फोन आला म्हणून शिपाई गेले की तो जागचा न हलता ती पुढे करायचा. पोलिसांचाच शिक्का, पोलिसांचीच सही. शिपाई ती वाचून परत यायचे. मग फोन आला तरी ठाण्यातून उत्तर मिळू लागले, की एकशे तेरा आहे, आमचे हात बांधलेत.

एके दिवशी दुपारी बायकोने फोन करून फक्त दुकानाचे नाव सांगितले आणि नुसती रिसीव्हर धरून राहिली. फोन बाईंनी उचलला होता. हिची समजूत आपणच घालावी, असे ठरवून त्या दुकानात गेल्या.

मालक म्हातारा, भला माणूस होता. त्याने बाईंना बाजूला घेऊन सांगितले की मुलगी कामाला सोन्यासारखी आहे, पण गिऱ्हाईक आत आले की मागे वळून त्या बाकाकडे बघते. हा महिना संपेपर्यंत बघतो, पुढचं मला झेपणार नाही. हे सांगताना त्याला बाईंच्या डोळ्यांत बघवत नव्हते.

ती काचेच्या आत, खिडकीजवळच्या टेबलावर दिव्याखाली बसली होती. डाव्या मनगटाचे हाड वाकडे जुळले होते, त्यामुळे फ्रेम उजव्या हाताने धरून ती मान वाकडी करून काम करायची. बाईंनी समजावून सांगितले. नियम असा, आकडा तसा. तिने ऐकून घेतले. हातातली काच पुसून खाली ठेवली.

“त्या दिवशी तुम्ही मोजत होतात,” ती म्हणाली, “तेव्हा टेपचं टोक धरून तो कुठे उभा होता, आठवतंय का तुम्हाला?”

बाईंना आठवले. दुकानाच्या दारात. काचेला खांदा लावून, पाऊण तास.

“वर्षभरात तो एवढ्या जवळ पहिल्यांदाच आला, ताई. तुम्ही आणून उभा केलात. आत बघून हसला. मला तुम्हाला हाकही मारता येईना.”

काहीतरी बोलायचे म्हणून त्या म्हणाल्या की आकडा मात्र बरोबर आहे, सव्वीस वर्षांत माझा आकडा चुकलेला नाही.

“आमच्याकडे दोन मिलिमीटर चुकलं तरी माणसाचं डोकं दुखतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागले. “पण मग आम्ही काच बदलून देतो.”

बाई तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिला दिसते ते त्यांनी पाहिले. कठड्याच्या गजांतून नवरा स्पष्ट दिसत होता. त्याच्या पायमोज्यांचा रंगसुद्धा कळत होता. ज्याच्यापासून वाचायचे तो माणूस इतका समोर बसलेला, आणि आपण मात्र सिग्नलला वळसा घालून आलो. बाईंना स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्यांना नोकरीत कधी वाटली नव्हती.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त पुढचे सगळे त्यांना आधी दिसायचे. माप सरळ रेषेत धरायला हवे होते हे त्यांनाही कबूल होते. पण बाईंनी लेखी चूक कबूल केली तर तो कागद वकिलांच्या हाती लागणार, आणि त्यांच्या जुन्या अपघातांच्या एकेका मापावर प्रश्न उठणार. दोन खटले तर अजून कोर्टात होते.

“टेप जुनी होती, मधून तुटून जोडलेली होती, असं लिहा,” साहेब म्हणाले. “साप तर मरेल, तुमच्या अंगावरही काही यायचं नाही.”

“टेप चांगली होती, साहेब. मीच चुकले.”

“मग यापुढे अपघाताच्या मोजणीला तुम्हाला पाठवता यायचं नाही. कळतंय ना?”

कळत होते. बाईंनी कागद ओढला आणि लिहिले, की आधीचे माप चालण्याच्या वाटेने घेतले, ते चुकीचे होते, चूक माझी आहे. खाली नेहमीसारखी सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराला जीप बाकाशी थांबली. नवऱ्याने हसत लॅमिनेट केलेला कागद काढला. बाईंनी तो घेतला, घडी होत नव्हती म्हणून तसाच बगलेत मारला, आणि त्याला ड्रायव्हरजवळ उभे राहायला सांगितले. या वेळी टेपचे टोक दुकानाच्या दारात तिच्या हातात होते. सोबत आलेल्या शिपायाने गाड्या थांबवल्या, टेप कठड्याच्या गजांमधून ओवली आणि बाई ती ताणत बाकापर्यंत आल्या. एकदाच ताणावी लागली.

“चौतीस,” बाई मोठ्याने म्हणाल्या. “चौतीस मीटर, वीस सेंटिमीटर.”

नवऱ्याचे हसू गेले. ताई, तुम्हीच तर सही केली होती, असे तो म्हणू लागला. बाईंनी सांगितले की होय, मीच केली होती, आता बसा जीपमध्ये. तो जामिनावर सुटेल हे त्यांना ठाऊक होते. पण सुटून आला तरी या बाकावर त्याला बसता येणार नव्हते.

पंचनाम्यावर तिची सही हवी होती. कागद घेऊन मीच तिकडे येते, अशी खूण बाईंनी केली. तिने नको म्हणून मान हलवली. टेपचे टोक मालकाच्या हाती दिले आणि चालायला लागली. सिग्नलपर्यंत गेली, दिव्यासाठी थांबली, रस्ता ओलांडून या बाजूने परत आली. पूर्ण एकशे तेरा मीटर. जीपमधून नवऱ्याने तिला हाक मारली. ती न थबकता जीपजवळून पुढे आली.

तिने कागद सगळा वाचला. त्याला बाईंची कबुली जोडलेली होती, ती दोनदा वाचली. मग सही केली आणि जीप निघून गेल्यावर बाकावर बसली. समोर तिचे दुकान होते. काचेच्या आत दिवा तसाच चालू होता, त्याच्याखाली अर्धवट फ्रेम, शेजारी पाण्याची बाटली आणि तिची रिकामी खुर्ची.

“इथून सगळंच दिसतं, ताई,” ती म्हणाली.

बाई उशी बाजूला सरकवून तिच्याशेजारी बसल्या. बस आली, थांबली आणि कोणीच चढत नाही असे पाहून निघून गेली.